जुन्या मोटारीचा गंज आणि झिजलेले सस्पेन्शन : जोगेश्वरीच्या हवेतील घरगुती दुरुस्तीची मीमांसा

मुंबईच्या उपनगरांत जुनी मोटार घरच्या घरी दुरुस्त करू पाहणाऱ्यासमोर बहुधा दोन तक्रारी एकदम उभ्या राहतात. पत्रा गंजलेला असतो आणि गाडी खड्ड्यांवरून जाताना खडखडते. पहिली तक्रार पत्राकामाची व दुसरी यांत्रिक, असे समजून त्यांचा निराळा विचार करण्याची रूढी आहे. परंतु ज्या गाडीला स्वतंत्र चासी नसते, त्या गाडीच्या बाबतीत ही विभागणी शास्त्रदृष्ट्या टिकत नाही. सस्पेन्शनचा, म्हणजेच निलंबन-योजनेचा, प्रत्येक भार शेवटी त्या पत्र्यावरच येऊन पडतो. या दोन दोषांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे आणि त्यावरून दुरुस्तीचा योग्य क्रम कोणता हे ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. विवेचनासाठी निवडलेली मोटार

या विवेचनासाठी प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना जोगेश्वरीपासून फार दूर नव्हता. इटलीतील फियाट कंपनीने १९५३ साली '११००'ची जी नवी आवृत्ती बाजारात आणली, तिचाच वंश येथे पुढे चालला. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली व १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव रूढ झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर, पुढील चाकांना स्वतंत्र दुहेरी आर्म व गुंडाळीची स्प्रिंग, मागे सलग अ‍ॅक्सल व कमानी पाटे, अशी तिची रचना होती.

या गाडीने मुंबईच्या टॅक्सीव्यवसायाचा भार कित्येक दशके वाहिला. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर संपली आणि टॅक्सी म्हणून तिचे आयुष्य सरले. खाजगी मालकीच्या गाड्या मात्र अजून आहेत. मोटार वाहन कायद्यानुसार १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व तेव्हा गाडी तपासणीस उतरावी लागते. शिवाय, ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याची तरतूद २०२१ साली झाली. पहिल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. त्यामुळे त्यांचा मूळ सांगाडा वाचविणे हा केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

२. स्थानिक हवा आणि गंजाची प्रक्रिया

जोगेश्वरीच्या पश्चिमेस खाडी, खारफुटी व त्यापलीकडे समुद्र आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उपनगरात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. लोखंड गंजण्यासाठी मात्र प्रत्यक्ष पाऊस लागतोच असे नाही. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ६० टक्क्यांवर गेली की पोलादाच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर धरू लागतो व गंजण्याचा वेग वाढतो. समुद्राकडून आलेले मिठाचे सूक्ष्म कण पत्र्यावर बसलेले असतील तर ते ७५ टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेत स्वतःच विरघळून विद्युत्‌वाहक द्राव तयार करतात. पावसाळ्यात येथील आर्द्रता या मर्यादेच्या वर दीर्घकाळ राहते.

गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. पत्र्याच्या एका भागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून द्रावात उतरते. दुसऱ्या भागी प्राणवायू व पाणी ते इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रॉक्साइड बनवितात. या दोन भागांची निवड कशी होते, हे समजणे महत्त्वाचे आहे. जेथे प्राणवायू कमी पोचतो तो भाग धनाग्र बनतो व झिजतो, जेथे तो मुबलक असतो तो भाग सुरक्षित राहतो. म्हणूनच मडगार्डच्या आतील चिखलाखाली, दोन पत्र्यांच्या जोडात आणि दाराच्या खालच्या दुमडीत गंज प्रथम धरतो. बाहेरचा, वाऱ्यावर असलेला पत्रा मात्र धडधाकट दिसतो. डोळ्यांना दिसणारा गंज हा बहुधा आतून बाहेर आलेला असतो.

या प्रक्रियेतून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पावसाळ्यात गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने जमिनीपर्यंत गुंडाळून ठेवणे हितावह नाही. पाऊस अडतो खरा, पण जमिनीतून उठणारी वाफ आत कोंडते. गाडीपासून अंतर राखून वर उभारलेले छप्पर अधिक उपयोगी. दुसरा असा की, दारांच्या व उंबरठ्यांच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोके दर पावसाळ्यापूर्वी तारेने मोकळी केली पाहिजेत. एवढे एक काम वेळच्या वेळी झाले तर पुढील बरेचसे काम टळते.

गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या सुमारे तिप्पट असते. जोडात अडकलेला गंज त्यामुळे दोन पत्र्यांना पाचरीसारखा दूर लोटतो व त्यांची मूळ बिंदूजोडणी उसवतो. या शेवटच्या घटनेचे परिणाम पुढील गणितावरून ध्यानात येतील.

३. पोकळ तुळई उसवते तेव्हा

स्वतंत्र चासी नसलेल्या गाडीत दोन्ही बाजूंचे उंबरठे म्हणजे पत्र्याच्या बंदिस्त पोकळ तुळया असतात. एक चाक खड्ड्यात व दुसरे उंचवट्यावर असता गाडीला जो पीळ पडतो तो मुख्यतः त्याच सोसतात. समजा, अशी तुळई १० सेंटिमीटर बाजूची चौरस पेटी असून पत्र्याची जाडी १ मिलिमीटर आहे. पातळ भिंतीच्या बंदिस्त छेदाचे पीळ-दृढतेचे गुणक काढण्यासाठी बंदिस्त क्षेत्रफळाच्या वर्गाची चौपट घ्यावयाची, तिला जाडीने गुणावयाचे व परिमितीने भागावयाचे. या उदाहरणात ते १०० घनवर्ग, म्हणजे सेंटिमीटरचा चौथा घात, येते. आता तीच पेटी एका कडेने लांबवर उसवली असे मानावे. उघड्या छेदासाठी परिमिती व जाडीचा घन यांच्या गुणाकाराचा एकतृतीयांश घ्यावयाचा असतो. उत्तर ०.०१३ च्या आसपास येते. म्हणजे दृढता सुमारे साडेसात हजार पटींनी घटली. पत्रा वजनाने जवळजवळ तेवढाच आहे, गेला आहे तो फक्त जोड.

प्रत्यक्षात उसवण सर्व लांबीभर नसते व शेजारचे पत्रे काही भार उचलतात, म्हणून एवढी घट क्वचितच होते. तरीही तत्त्व स्पष्ट आहे. उंबरठ्यावरील भोक पुट्टीने बुजवून त्यावर रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. पुट्टी पीळ वाहून नेत नाही, उलट ती पाणी धरून ठेवते व तपासणाऱ्याच्या नजरेपासून दोष लपविते. अशा गाडीची दारे जॅक लावताच अडकू लागतात. ही खूण आढळल्यास सांगाडा अशक्त झाला आहे असे समजावे.

४. सस्पेन्शनची झीज व तिची परीक्षा

स्प्रिंग भार उचलते आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर आंदोलने शमवितो. ही दोन कामे भिन्न आहेत. गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती बसते यावरून आंदोलनाचा आवर्तकाल मिळतो. ती १६ सेंटिमीटर बसत असेल तर आवर्तकाल सुमारे ०.८ सेकंद येतो. चांगल्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे अवमंदन हे क्रांतिक अवमंदनाच्या पावपट असते असे धरल्यास एका पूर्ण आंदोलनानंतर मूळ विस्ताराचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. तेच प्रमाण विसाव्या हिश्शावर आले तर जवळजवळ तीनचतुर्थांश विस्तार उरतो. यावरून घरगुती परीक्षा सुचते. गाडीचा एक कोपरा दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक, दोन-तीनदा हेलकावली तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर निकामी.

किंग पिनची झीज पाहण्यासाठी चाक जमिनीवरून उचलून वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, कायम राहिला तर किंग पिन किंवा आर्मच्या बुशमध्ये आहे. कमानी पाट्यांच्या टोकांची रबर-बुश तडकली असता लोखंडावर लोखंड घासून खडखड होते व ती ज्या कंसात बसतात तो कंस सैल होतो. सैल कंसाभोवतीचा रंग तडकतो, तेथे पाणी शिरते आणि गंज धरतो. उलट, गंजलेल्या कंसामुळे अ‍ॅक्सल जागेवरून सरकतो व नव्या बुशही अल्पावधीत फाटतात. एक दोष दुसऱ्याला जन्म देतो, तो असा.

येथे एका प्रचलित उपायाचाही विचार केला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या तळाला वापरलेले इंजिन-ऑइल फासण्याची रीत आढळते. ऑइल पाणी दूर ठेवते हे खरे, परंतु खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते. पत्रा वाचविण्याच्या नादात बुश गमावले जातात आणि जमिनीवर गळलेले तेल पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जाते, ते वेगळेच.

५. दुरुस्तीचा क्रम

प्रथम परीक्षा, मग आधार, मग सांगाडा आणि शेवटी सस्पेन्शन, हा क्रम राखावा.

परीक्षेसाठी लहान हातोडीने पत्रा टकटकवावा. खणखणीत नाद निरोगी पत्र्याचा, बद्द नाद गंजाचा किंवा पुट्टीचा. संशयित जागी टोच्या दाबून पाहावा. आधारासाठी सपाट, फरसबंद जागा हवी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि जाऊ नये. धडधाकट भागाखाली पक्क्या लोखंडी घोड्या देऊन, गाडी सर्व बाजूंनी समपातळीत आहे याची खात्री करावी. गाडी वाकडी असताना उंबरठा जोडला तर तो वाकडेपणा कायमचा होतो.

गंजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढावा व त्याच जाडीचे ठिगळ जोडावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी आणि आतील गाद्या व नमदा काढावा. पातळ पत्रा उष्णतेने आक्रसतो व वाकतो, म्हणून आधी अंतराअंतरावर टाके देऊन ते सावकाश एकमेकांस मिळवावेत. बंदिस्त छेदाचा जोड अखेरीस सलग झालाच पाहिजे, कारण वरील गणिताचा सारा भर त्या सलगतेवर आहे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरल्यास जोडाजवळील जस्त आधी घासून काढावे. त्याचा धूर अपायकारक असतो.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिशपेपरने काढून उरलेल्यावर फॉस्फरिक अम्ल लावल्यास त्याचे लोह-फॉस्फेटात रूपांतर होते. मात्र जेथे जस्तयुक्त प्रायमर द्यावयाचा तेथे धातू पूर्ण उघडा हवा. जस्ताचे प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट आणि लोखंडाचे उणे ०.४४ व्होल्ट असल्याने जस्त स्वतः झिजून लोखंडाचे रक्षण करते, परंतु त्यासाठी दोहोंचा विद्युत्-संपर्क आवश्यक असतो. गंजावर दिलेला जस्ताचा रंग हा केवळ रंगच राहतो. तुळईच्या आत मेणयुक्त द्रव सर्वांत शेवटी सोडावा. तो ज्वालाग्राही असल्याने त्यानंतर वेल्डिंग करू नये.

हेच अम्ल स्प्रिंगला लावू नये. कठीण केलेल्या पोलादात अम्लक्रियेतून निघालेला हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. स्प्रिंगवर वेल्डिंग करणे किंवा ती तापविणेही वर्ज्य, कारण तिचे पाणी उतरते. गंजाने खोल खड्डे पडलेली स्प्रिंग बदलावीच, कारण त्या खड्ड्यांपासूनच थकव्याची चीर निघते.

पुढील गुंडाळी-स्प्रिंग काढणे हे या कामातील सर्वांत धोक्याचे अंग आहे. मीटरमागे ५०,००० न्यूटन दृढतेची स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबलेली असेल तर तीत २५० ज्यूल ऊर्जा साठते. पंचवीस किलोग्रॅमचा दगड एक मीटरवरून पडावा तेवढी. योग्य दाबयंत्राशिवाय, दोरी वा साखळीच्या भरवशावर ती सोडवू नये. किंग पिनच्या नव्या बुशना रीमर फिरवून नेमके माप आणावे लागते. हे कामही अनुभवी कारागिराकडे सोपविणे शहाणपणाचे. रबर-बुश घरी बदलता येतात. फक्त त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पडल्यानंतरच अखेरचे आवळावेत. चाके लोंबकळत असता आवळल्यास रबराला कायमचा पीळ बसतो. शेवटी चाकांची दिशा मापून घ्यावी.

६. समारोप

घरगुती दुरुस्तीची मर्यादा हत्यारांनी ठरत नाही, तर कोणत्या भागातून कोणता भार वाहतो या ज्ञानाने ठरते. दाराच्या पत्र्यातील चूक डोळ्यांना खुपते, उंबरठ्यातील अथवा पाट्याच्या कंसातील चूक माणसाच्या जिवावर बेतते. ओशिवऱ्याच्या परिसरातील गॅरेजांत नादावरून पत्रा ओळखणारे आणि हाताने खेळ मोजणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातच्या या परीक्षांना स्थितिस्थापकतेच्या व विद्युत्-रसायनाच्या सिद्धांतांचा भक्कम आधार आहे, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने वर्गात शिकलेला बंदिस्त छेद एकदा अशा उसवलेल्या उंबरठ्याशी ताडून पाहावा. त्या सूत्राचा अर्थ त्याला तेथे अधिक नीट उमगेल, आणि पुट्टीवर चढविलेल्या चकचकीत रंगावर तो सहसा विश्वास ठेवणार नाही.