मुळशीचं धरण इंग्रजांनी बांधलं?

पावसाळ्यात बेडसे लेणी पाहून उतरलेली मंडळी तशीच पुढे पवनानगरकडे निघतात. समोर पाणी पसरलेलं दिसलं की कुणीतरी माहितगार सुरू होतो : ‘हे इंग्रजांनी बांधलेलं धरण. याच्याच विरोधात १९२१ मध्ये सेनापती बापट लढले.’ हे इतक्यांदा आणि इतक्या आत्मविश्वासाने ऐकवलं जातं की आता शांतपणे दुरुस्ती करायचा धीर सुटत चालला आहे. तरी एकदा सगळं ओळीने सांगून टाकतो.

समोरचं पाणी पवनेचं. हे धरण सरकारी खरं, पण ते महाराष्ट्र सरकारचं. त्यासाठी जमिनी गेल्या त्या १९६० च्या दशकात आणि धरण पुरं झालं १९७० च्या दशकात. सेनापती बापट १९६७ मध्ये वारले. त्यांनी ज्या धरणाशी झुंज घेतली ते डोंगरापलीकडे, दक्षिणेला, मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात आहे. पवन मावळ वेगळं, मुळशी पेटा वेगळा. पुण्याहून आलेल्यांची गफलत समजू शकते. मावळातलीच माणसं ही चूक करतात तेव्हा मात्र कपाळाला हात लावावासा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. मुळशीचं धरण तरी इंग्रजांचं होतं का? नाही. ते टाटांचं होतं. लोणावळा, वळवण, शिरोता ही टाटांच्या पहिल्या जलविद्युत योजनेची धरणं. वळवणच्या धरणाची कोनशिला १९११ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरने बसवली आणि खोपोलीचं वीजगृह १९१५ मध्ये सुरू झालं. ‘गव्हर्नर आला होता, म्हणजे धरण इंग्रजांचं’ असा तर्क बहुधा इथूनच निघत असावा. त्यानंतर आंध्रा खोऱ्याची योजना आली आणि तिच्यामागोमाग मुळशीची. त्यासाठी टाटा पॉवर कंपनी १९१९ मध्ये स्थापन झाली. बेत असा की पूर्वेला भीमेकडे जाणारं पाणी अडवायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला कोकणात सोडायचं, आणि खाली भिऱ्याला दीड हजार फुटांहून अधिक उंचीवरून येणाऱ्या त्या धारेवर जनित्रं फिरवायची. वीज जायची मुंबईला, मुख्यतः कापडगिरण्यांना. त्या गिरण्यांचे बरेचसे मालकही आपलेच होते.

मग इंग्रज कुठे होते? कायद्यात, कचेरीत आणि पोलिसांच्या गणवेशात. एका खाजगी कंपनीला हजारो एकर शेतजमीन बळजबरीने मिळवून देता येते ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने, आणि तो कायदा सरकारने कंपनीसाठी वापरला. कंपनीने तर जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच शेतांत चाचणीचे खड्डे खणायला घेतले होते. तेव्हा सरकार नामानिराळं होतं असं कुणी समजू नये. पण ‘परकीय जुलूम विरुद्ध भोळा मावळा’ एवढंच चित्र रंगवलं की त्यातून भांडवलदार पुसला जातो, आणि पुण्याचा सावकारही. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी सावकारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडे गहाण होत्या. कसणारा कूळ जमीन सोडायला तयार नव्हता. सावकाराला रोख मोबदला वाईट वाटत नव्हता. ज्यांना ही गोष्ट पटत नाही त्यांनी राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक वाचावं. आपसातले हितसंबंध त्यात नीट उलगडून दाखवले आहेत, आणि ते वाचायला फारसं सुखद नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे, त्यांत बायकाही, धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. कंपनीने सहा महिने काम तहकूब केलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना सुचवलं की कायद्याच्या हक्कावर अडून बसण्यापेक्षा लोकांशी बोला. वर्ष सरता सरता काम पुन्हा सुरू झालं आणि सत्याग्रहही. धरपकड झाली, माणसं तुरुंगात गेली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजगृह चालू झालं. लोक हरले. हरले हे सांगायला आपण कचरतो, म्हणून भाषणांत ‘ऐतिहासिक लढा’ एवढं म्हणून पुढचा चहा मागवला जातो.

‘हे सगळं बापटांनीच उभं केलं’ हेही अर्धसत्य. शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे, न. चिं. केळकर, शि. म. परांजपे अशी बरीच माणसं यात होती. बापट पुढे सूत्रधार झाले आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना मुळशीनेच दिली, कुठल्या पलटणीने नव्हे.

‘लढा शेवटपर्यंत अहिंसक होता’ : नव्हता. १९२४ च्या अखेरीस बापटांनी कामगारांची गाडी अडवून गोळ्या झाडल्या आणि सात वर्षांची शिक्षा भोगली.

‘जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन’ : फार सुरुवातीच्यांपैकी एक, असं म्हणणं सुरक्षित.

आता त्याच १९२१ सालाबद्दल ऐकवल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टी. ‘महायुद्ध जिंकून इंग्लंड तेव्हा चैनीत होतं’ : १९२१ च्या वसंतात तिथल्या खाणमालकांनी मजुरी कापून दहा लाखांच्या आसपास कामगारांना खाणींबाहेर ठेवलं, कोळसा तीन महिने बंद पडला आणि बेकारांचा आकडा वीस लाखांवर गेला.

‘त्याच वर्षी इंग्रज युवराजाने पुण्यात शिवरायांचा पुतळा उभारला’ : नाही हो. प्रिन्स ऑफ वेल्स १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला, तेव्हा शहरात बहिष्कार आणि दंगल चालू होती. १९ तारखेला त्याने पुण्याच्या भांबुर्ड्यात शिवस्मारकाची फक्त कोनशिला बसवली, तीही कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींच्या पुढाकारामुळे. शाहू महाराज मे १९२२ मध्ये वारले. अश्वारूढ पुतळा घडवला नानासाहेब करमरकरांनी, आणि त्याचं अनावरण व्हायला जून १९२८ उजाडला.