'लॉजर' : एका इंग्रजी शब्दाचा इतिहास आणि अर्थ

मोबदला देऊन दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या मनुष्यास इंग्रजीत 'लॉजर', 'बोर्डर' आणि 'पेइंग गेस्ट' अशी तीन नावे आहेत. कोशांतून ती पुष्कळदा समानार्थी म्हणून दिलेली आढळतात. परंतु या शब्दांच्या इतिहासाकडे पाहिले असता, प्रत्येकाने या संबंधाचे एक निराळे अंग टिपले आहे असे दिसून येते. त्यांतही 'लॉजर' हा शब्द विशेष अभ्यसनीय आहे; कारण त्याच्या अर्थनिश्चयावर मनुष्याचा मताधिकार आणि निवाऱ्याचे संरक्षण हे दोन्ही प्रसंगी अवलंबून राहिले आहेत. प्रस्तुत लेखात त्याचाच प्रामुख्याने विचार करावयाचा आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. 'लॉज' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. तेथे 'लोझ' म्हणजे झोपडी अथवा मांडव. फ्रेंचांनीही तो जर्मानिक भाषांतून घेतलेला असून जर्मन भाषेतील 'लाउब', म्हणजे लतामंडप, हा त्याचा सगोत्र होय. मूळ कल्पना पानांनी शाकारलेल्या तात्पुरत्या आसऱ्याची असावी, असे मानले जाते. इंग्रजीतील 'लॉबी' हा शब्दही याच कुळातला. मध्ययुगीन इंग्रजीत 'लॉजर' म्हणजे तंबूत राहणारा. भाड्याच्या खोलीत राहणारा हा अर्थ त्यास सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्राप्त झाला. निवारा बदलला, पण तात्पुरतेपणाची छटा शब्दास चिकटून राहिली.

'बोर्डर' या शब्दाची वाट निराळी आहे. 'बोर्ड' म्हणजे फळी. फळीवरून जेवणाचे मेज, आणि मेजावरून त्यावरील अन्न. म्हणजे 'लॉजर' छपराशी बांधलेला, तर 'बोर्डर' पंक्तीशी. हा भेद केवळ कोशातला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या जनगणनेत घरधन्याच्या कुटुंबाबरोबर एका मेजावर जेवणारा तो 'बोर्डर' समजला जाई व त्याची गणना त्या कुटुंबात होई. स्वतंत्रपणे जेवणारा तो 'लॉजर', व त्याचे बिऱ्हाड वेगळे धरले जाई. कुटुंबाची सीमा अशा रीतीने भोजनाच्या मेजाने आखली गेली होती.

मराठीतील शब्दव्यवस्था या ठिकाणी ताडून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे 'बिऱ्हाडकरू' परक्याच्या वाड्यात राहतो, परंतु चूल त्याची स्वतःची असते. खाणावळीत जेवणारा पैसे देऊन जेवतो, पण निजावयास अन्यत्र जातो. वार लावून जेवणारा विद्यार्थी घरोघरी जेवतो, परंतु मोबदला देत नाही. छप्पर, अन्न आणि पैसा या तीन गोष्टी आपल्या भाषेने पृथक् ठेवल्या. त्यामुळे 'लॉजर' या शब्दास नेमका प्रतिशब्द मिळत नाही. 'भाडेकरू' हा तर मुळीच नव्हे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल. उसने घेतलेले शब्दही आपण आपल्या रीतीने वळविले. 'बोर्डिंग' म्हणजे मराठीत विद्यार्थ्यांचे वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ साली कोल्हापुरात स्थापन झालेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'लॉज' हा शब्द मात्र प्रवाशांच्या उतारशाळेपुरता उरला.

आता 'लॉजर' शब्दाच्या राजकीय इतिहासाकडे वळू. इंग्लंडमध्ये १८६७ च्या सुधारणा कायद्याने शहरी मतदारसंघांतील स्थानिक कर भरणाऱ्या पुरुष घरधन्यांस मताधिकार दिला; घर कितीही लहान असले तरी त्यास बाध नव्हता. त्याच कायद्याने 'लॉजर' असणाऱ्या पुरुषांसही मत दिले, पण निराळ्या अटींवर. त्याच्या खोलीचे मूल्य, सामानसुमान वगळून, वर्षास किमान १० पौंड असावे, त्याच जागेत त्याचे वर्षभर वास्तव्य असावे, आणि मतदारयादीत नाव राहावे म्हणून त्याने दरवर्षी नव्याने अर्ज करावा, अशा त्या अटी होत्या. एकाच मजुराचे मत, तो 'घरधनी' ठरतो की 'लॉजर', यावर लटकू लागले.

तेव्हा हे ठरवावयाचे कशावरून? एकेका खोलीत राहणारे दोघेही असू शकत, आणि भाडेही दोघे देत. न्यायालयांपुढे वारंवार आलेला प्रश्न असा की, मालक त्याच घरात राहून घरावर आपला ताबा राखतो काय? बाहेरच्या दाराची किल्ली कोणाच्या हाती? विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यांच्याजवळ दाराची स्वतःची किल्ली होती अशा खोलीवाल्यांनी घरधनी म्हणून हक्क सांगितला, आणि 'लॅच-की व्होटर', म्हणजे किल्लीवाला मतदार, असे नावच रूढ झाले. १९१८ च्या कायद्याने पुरुषांच्या बाबतीत हा वाद संपविला. परंतु ३० वर्षांवरील स्त्रियांस जो मर्यादित मताधिकार मिळाला त्यात भेद शिल्लक राहिला. बिनसामानाच्या खोलीत लॉजर म्हणून राहणारी स्त्री पात्र ठरू शके. सामानासह घेतलेल्या खोलीत राहणारी, केवळ त्या खोलीच्या बळावर, पात्र ठरत नसे. खाट आणि कपाट कोणाचे, यावर नागरिकत्वाचा एक हक्क ठरावा, ही स्थिती १९२८ पर्यंत टिकली.

पुढे हाच प्रश्न निवाऱ्याच्या संरक्षणासंबंधी उपस्थित झाला. 'स्ट्रीट विरुद्ध माउंटफर्ड' या खटल्यात बोर्नमथ येथील दोन खोल्या आठवड्यास ३७ पौंड घेऊन देण्यात आल्या होत्या, आणि करारावर 'परवाना' असे नाव घातले होते. १९८५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, कागदावरील नावास महत्त्व नाही. राहणाऱ्याचा जागेवर अनन्य ताबा असेल, व तो भाड्याने ठराविक मुदतीसाठी असेल, तर सामान्यतः तो भाडेकरू. मालक सेवा पुरवीत असून त्यासाठी त्यास खोलीत निर्बंधरहित प्रवेश असेल, तर तो लॉजर. लॉर्ड टेम्पलमन यांच्या दृष्टांताचा आशय असा की, पाच दात्यांचे अवजार घडविणाऱ्याने त्यास फावडे म्हटले तरी ते काटेच राहते.

'पेइंग गेस्ट' हा शब्द या पार्श्वभूमीवर पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, घरात लॉजर ठेवणे ज्यांना कमीपणाचे वाटे अशा घरांनी हा सौम्य शब्द जवळ केला. त्यात उघड विसंगती आहे. परंपरेने सांगितलेल्या व्युत्पत्तीनुसार ज्याच्या येण्यास तिथी नाही तो अतिथी. या पाहुण्यास मात्र पैसे देण्याची तारीख नेमून दिलेली असते. तथापि महाराष्ट्रात या सौजन्याच्या शब्दास कायद्याचा कठोर अर्थ आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात १९७३ साली झालेल्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत राहणाऱ्यांस भाडेकरू मानले. परंतु परवानाधारकाच्या व्याख्येतून 'पेइंग गेस्ट' वगळला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही, मालक स्वतः जेथे राहतो त्या जागेचा काही भाग परवान्याने दिलेली, कुटुंबाबाहेरील व्यक्ती, अशीच त्याची व्याख्या आहे.

म्हणजे पैसा हे या शब्दाचे व्यवच्छेदक लक्षण नव्हे. पैसा तर भाडेकरूही देतो. घरधन्याची त्याच घरातील उपस्थिती हेच ते लक्षण होय. आज पुण्या-मुंबईत 'पी.जी.' या संक्षेपाने ज्या जागा ओळखल्या जातात, त्यांपैकी अनेकांत मालक राहत नाही, पंक्तीही नसते. खाटांच्या रांगा तेवढ्या असतात. शब्द तोच, पण त्यास अर्थ देणारा घरधनी मात्र घरातून निघून गेला आहे. अशा वेळी तेथे राहणाऱ्यास काय म्हणावे, याचे उत्तर पाटीवरील अक्षरांत शोधण्यापेक्षा दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे हे पाहूनच देणे उचित होय.