प्रयोगशाळांतील शिलकी रसायने

बारामती व इंदापूर हे तालुके ऊस, साखर आणि निरेचा डावा कालवा यांसाठी सर्वांस परिचित आहेत. तेथे प्रयोगशाळांचीही दाटी झाली आहे हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. १९६२ पासूनचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानच्या शिक्षणसंस्था, शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र, २००९ मध्ये माळेगाव खुर्द येथे आलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, इंदापूरचे महाविद्यालय आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी येथील साखर कारखाने, या सर्वांस रसायने लागतात आणि ज्याची त्याची खरेदी स्वतंत्र असते. मार्चअखेर अनुदान संपविण्याची घाई कोणत्या संस्थेस चुकली आहे?

या पद्धतीत वाया काय जाते, ते एका बाटलीवरून पाहावे. मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याच्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत प्रत्येक नमुन्यास पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मिलिलिटर द्रावण लागते. लिटरास सुमारे ४९ ग्रॅम या हिशेबाने ५०० ग्रॅमच्या एका बाटलीत जवळजवळ १,००० नमुने तपासून होतात. अभ्यासक्रम बदलल्यामुळे एखाद्या महाविद्यालयात अडगळ ठरलेली अशी बाटली माती परीक्षण केंद्रास महिनोन् महिने पुरेल. नीट बंद ठेवलेले डायक्रोमेट वर्षानुवर्षे टिकते. मात्र तेच कचरा म्हणून मोरीत ओतले तर त्यातील कर्करोगकारक क्रोमियम भूजलात उतरण्याचे भय असते; आणि रीतसर विल्हेवाट लावायची तर रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पाकडे पैसे मोजून पाठवावे लागते. म्हणजे न वापरलेल्या वस्तूसाठी दोनदा खर्च!

मग देवाणघेवाण का होत नाही? दोष वृत्तीचा नाही, हिशेबाचा आहे. बाटली कपाटात सडली तर लेखापरीक्षक विचारीत नाही. शेजारच्या संस्थेस दिली तर आक्षेप निघतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत शिलकी मालाच्या विल्हेवाटीची तरतूद आहे, पण भर निविदा व लिलावावर. खुर्च्यांना तो मार्ग ठीक; प्रयोगशाळेच्या सामानास घातक. दिल्ली विद्यापीठातील १९८५ पासून वापरात नसलेले किरणोत्सारी उपकरण २०१० मध्ये लिलावातून मायापुरीच्या भंगार बाजारात गेले आणि त्यातील कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा बळी गेला. अशी वस्तू जाणत्याच्याच हाती गेली पाहिजे.

अर्थात सर्वच रसायने वाटण्याजोगी नसतात. जुन्या ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडे साचतात, वाळलेले पिक्रिक ॲसिड हलविणेही धोक्याचे. उघडलेली बाटली संशोधकाने नाकारली तर त्यास नावे ठेवता येणार नाहीत. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकास मात्र ती बहुधा चालेल. आणि ॲसिड एस.टी.च्या पिशवीतून पाठवावे, असे कोणीच म्हणणार नाही.

कालव्याचे पाणी पाळी लावून वाटून घेणाऱ्या या भागास हे अवघड नाही. दरवर्षी जानेवारीत, म्हणजे मार्चच्या खरेदीपूर्वी, प्रत्येक प्रयोगशाळेने रसायनाचे नाव, प्रत, वजन, उत्पादनाचा महिना आणि बाटली सीलबंद आहे की उघडलेली, एवढी यादी इतरांस पाठवावी. घेणाऱ्या संस्थेची पोच हीच साठा नोंदवहीतील वजावटीस पुरेशी मानली जाईल, असा लेखी ठराव मात्र व्यवस्थापनांनी आधी केला पाहिजे. त्याविना भांडारप्रमुख कपाटाची किल्ली काढणार नाही.