संघाचे खरे बळ

धाराशिव जिल्ह्यातील गावांत जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. गावकरी वर्गणी काढतात, आखाड्याची माती मऊ करतात आणि हलगीच्या तालावर अखेरच्या कुस्तीपर्यंत जागा सोडीत नाहीत. लढणारे मल्ल दोनच असले, तरी आखाडा साऱ्या गावाचा असतो. फुटबॉलचा संघही असाच लोकांच्या आधारावर उभा राहतो. याचे उत्तम उदाहरण कोल्हापूर शहरात पाहावयास मिळते.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीस उदार आश्रय दिला. त्यामुळे कोल्हापूरच्या पेठांतील तालमी मल्लांनी गजबजून गेल्या. पुढे याच तालमींतील तरुणांनी फुटबॉलही आपलासा केला. म्हणूनच तेथील संघांची नावे ऐकून परगावच्या माणसास नवल वाटते : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम! नाव कुस्तीचे आणि खेळ फुटबॉलचा!

तालीम ही केवळ व्यायामाची जागा नव्हे. पेठेतील गणेशोत्सव तेथे साजरा होतो आणि लोकांच्या सुखदुःखात तेथील तरुण धावून जातात. साहजिकच तालमीचा संघ पेठेस घरचाच वाटतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचे साखळी सामने शाहू स्टेडियमवर सुरू झाले, की आजोबा नातवाचे बोट धरून सामना पाहावयास जातात. आज प्रेक्षकांत बसलेला मुलगाच उद्या मैदानात उतरतो. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

लोकांचे प्रेम संघास किती बळ देते, हे बंगालनेही दाखविले आहे. 1889 साली कोलकात्यात स्थापन झालेल्या मोहन बागान संघाने 1911 साली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज पलटणीच्या संघास 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. हा विजय साऱ्या देशाने आपला मानला.

मात्र प्रेमास संयमाची जोड हवी. कोल्हापुरात कधी कधी ईर्षा अनावर होते, समर्थकांत हाणामारी होते आणि सामना थांबवावा लागतो. अशा वेळी हानी होते ती खेळाचीच. आपल्या संघास प्रोत्साहन द्यावे. परंतु प्रतिपक्षाने सुंदर गोल केला, तर त्यासही टाळी द्यावी. प्रतिपक्षच नसेल, तर सामना तरी कोणाशी खेळावयाचा?

धाराशिवच्या मातीने खो-खोमध्ये मोठे नाव मिळविले आहे. येथील सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार लाभला. मग फुटबॉलही येथे का रुजू नये? त्यासाठी आरंभी फार पैसा लागत नाही. मैदानातील दगडगोटे वेचावेत, चुन्याने रेषा आखाव्यात, गोलासाठी खांब रोवावेत आणि सामन्यांचा वार ठरवावा. त्या दिवशी वडीलधाऱ्यांनी मैदानाच्या कडेस येऊन उभे राहावे. आपला खेळ पाहावयास गाव आले आहे, हे दिसताच मुलांच्या पायांत निराळेच बळ येते.