मापण्यापूर्वीची तयारी

लेथवरून नुकतीच उतरविलेली पोलादी वस्तू तशीच मापनयंत्रावर चढविली, तर यंत्र कितीही उत्तम असो, माप चुकतेच. १०० मिलिमीटर व्यासाचा दंड ३० अंश सेल्सिअसऐवजी २० अंशांवर मापला, तर तो मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने बारीक भरतो. आणि घट्ट बसावयाचे बेअरिंग सैल पडण्यास एवढा फरक पुरतो. १९३१ साली २० अंश हे लांबीच्या मापनाचे प्रमाण तापमान ठरले ते याचसाठी. भारतातील उन्हाळ्यात ते राखणे खर्चाचे. म्हणून वस्तू आणि तुलनेचे प्रमाण ठोकळे पुसून काही तास शेजारीशेजारी ठेवतात. दोन्ही पोलादी असून एकाच तापमानाला आली, की प्रसरणाचा फरक जवळजवळ नाहीसा होतो.

उरतो हाताचा दाब. मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यावर नामी तोड काढली. त्यांच्या यंत्रातील मळसूत्राला इंचात २० आटे, त्यावरील चाकाला २०० दाते आणि फिरवावयाच्या चाकावर २५० खुणा होत्या. एक खूण म्हणजे इंचाचा दशलक्षावा भाग! दांडी आणि यंत्राचा जबडा यांमध्ये ते पोलादाची एक लहान चकती धरीत. पकड योग्य असेल तोवर चकती अधांतरी राही. चाक एक खूण मागे फिरविताच ती स्वतःच्या वजनाने खाली घसरे. दाबाचा निर्णय हाताऐवजी गुरुत्वाकर्षणाकडे गेला. मात्र दांडीला क्षणभर बोट लागले, तरी त्या उबेने झालेली वाढ हे यंत्र टिपीत असे.