गिटार गुरगुरू का लागली?

आज आधी ऐकण्याचा एक प्रयोग करू. 'द शॅडोज' या इंग्लिश वाद्यवृंदाची १९६० सालची 'अपाची' ही रचना मिळवून ऐका. त्यात गिटारचा एकेक स्वर काचेच्या गोटीसारखा स्वच्छ आणि गोल आहे. लगेच 'ब्लॅक सॅबथ' या दुसऱ्या इंग्लिश वाद्यवृंदाची १९७१ ची 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ही ध्वनिमुद्रिका लावा. इथे गिटार गात नाही, गुरगुरते. घाट चढणाऱ्या मालमोटारीसारखी. मध्ये गेली फक्त अकरा वर्षे. दोन्हीकडे वाद्य एकच, तारा सहाच. मग एवढा फरक पडला कुठून?

घरोघरी याचे उत्तर ठरलेले असते. "आमच्या वेळी संगीत होते, आता नुसता गोंगाट!" गंमत अशी, की हे म्हणणारे वडील तरुणपणी जे ऐकत, त्यालाही आजोबा गोंगाटच म्हणत. खरे सांगायचे तर मीही याच मताचा होतो. पण मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, रॉकवाले सा आणि प वाजवतात, पण मधला गांधार का गाळतात?" मला चटकन उत्तर देता आले नाही. शोधायला बसलो तेव्हा दिसले, की पिढ्यांच्या आवडीनिवडीचा म्हणून जो वाद आपण घालतो, त्यातला बराचसा भाग भौतिकीच्या पुस्तकात आहे.

साध्या गिटारपासून सुरुवात करू. नुसती तार हवा फारशी हलवत नाही. काडीने वारा घालावा तसला तो प्रकार. तारेचे कंपन घोडीतून वरच्या पातळ फळीत उतरते आणि ती रुंद फळी हवा हलवते. पण तार छेडताना आपण दिलेली ऊर्जा ठराविकच असते. फळी जितकी सहज हलेल तितका आवाज मोठा आणि तितकाच लवकर विझणारा. मोठा आवाज हवा आणि तो लांबही टिकायला हवा, हे दोन्ही एकदम जमत नाही. म्हणून १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या नाचाच्या बँडमध्ये, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या घोळक्यात, गिटारवाल्याच्या वाट्याला ठेका धरण्यापलीकडे फारसे काही येत नसे.

हा पेच सोडवला तो फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाच्या नियमाने. लोहचुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे गुंडाळायचे आणि ते वेटोळे गिटारच्या पोलादी तारांखाली बसवायचे. चुंबकामुळे वरची तारही थोडी चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि वेटोळ्यात तारेच्याच वारंवारतेचा विद्युतदाब निर्माण होतो. याला पिकप म्हणतात. (नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकप मुका राहतो, का ते तुम्हीच सांगा.) जॉर्ज बोशां या अमेरिकन वादकाने १९३१ मध्ये अशी गिटार बनवली. तिचा आकार असा होता की लोक तिला 'तवा' म्हणू लागले. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमन यांच्या वाद्यमेळात आला आणि एकेका स्वराची लांबलचक तान गिटारवर वाजवू लागला. आता आवाज मोठा करण्याचे काम वर्धकाकडे, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे गेले होते. त्यामुळे पोकळ पेटीचीही गरज उरली नाही. लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. भरीव लाकूड सहज हलत नाही, म्हणून तारेची ऊर्जा तारेतच राहते आणि स्वर लांबतो. या फेंडरना स्वतःला गिटार वाजवता येत नसे!

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. खरी गंमत वर्धकात आहे.

त्या काळचे वर्धक व्हॉल्व्हचे असत. चांगल्या वर्धकाची व्याख्या सोपी आहे: आत जाईल त्याच्या ठराविक पट बाहेर यावे. आलेख काढला तर सरळ रेषा. पण कोणताही वर्धक त्याला मिळणाऱ्या विद्युतदाबापलीकडे जाऊ शकत नाही. त्याला एक छत असते. लहर त्या छताहून उंच झाली की तिचा माथा कापला जातो, आणि गोलसर लहरीची चौकोनी कौलासारखी आकृती होते. आता एक हिशेब करा. समजा, तारेचा आयाम दर सेकंदाला निम्मा होतो आणि सुरुवातीला लहर छताच्या १६ पट उंच जाण्याइतकी वर्धित केली आहे. १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २, २ चा १. म्हणजे पूर्ण चार सेकंद बाहेरचा आवाज जवळजवळ सारखाच राहील! तार विझत असते, आणि ऐकणाऱ्याला मात्र सारंगीसारखा धरलेला स्वर ऐकू येतो. शिवाय चौकोनी लहरीत मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे अधिस्वर शिरतात. आवाज जाड आणि धारदार होतो.

अभियंत्यांच्या भाषेत हा दोष आहे, विकृती आहे, आणि तो काढून टाकण्यासाठी त्यांनी आयुष्ये वेचली. वादकांनी मात्र तो उचलून धरला. १९५१ मध्ये मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' या गाण्याच्या वेळी एका वर्धकाचा लाउडस्पीकर प्रवासात बिघडला होता. त्यात कागद कोंबून वेळ मारून नेली, आणि तो घरघरणारा आवाज तबकडीवर गेला, अशी हकिकत सांगतात. लिंक रे यांनी १९५८ मध्ये लाउडस्पीकरच्या कागदी शंकूला पेन्सिलीने भोके पाडली. 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ मध्ये तोच शंकू ब्लेडने फाडला. नॅशव्हिलच्या एका ध्वनिमुद्रणगृहात १९६१ च्या सुमारास मिश्रणयंत्राचा एक भाग ऐन ध्वनिमुद्रणात बिघडला. तो आवाज लोकांना इतका आवडला की तोच दोष मुद्दाम निर्माण करणारी ट्रान्झिस्टरची डबी लवकरच विक्रीला आली, आणि १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या 'सॅटिस्फॅक्शन'मुळे ती जगभर ऐकू गेली.

आपल्याला याचे नवल वाटायचे कारण नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून घासून जवारी काढतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज 'बोलता' करतात, तेव्हा तेही तारेचे शुद्ध, साधे कंपन जाणूनबुजून मोडतच असतात. तार घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि अधिस्वरांची झालर उमटते. छेडण्याच्या जागेवरून पाहता जे अधिस्वर तारेत नसायला हवेत, तेही तंबोऱ्यात जोरकस असतात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले होते.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. वर्धकाचा आलेख सरळ रेषा राहिला नाही की बाहेर येणाऱ्या लहरीत वर्ग, घन अशी पदे येतात. एकाच वेळी दोन स्वर अ आणि ब आत गेले तर (अ + ब)² = अ² + २अब + ब². यातले मधले पद महत्त्वाचे. ते दोन लहरींचा गुणाकार आहे, आणि अशा गुणाकारातून दोन वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी निघते, हे त्रिकोणमितीत तुम्ही शिकाल. म्हणजे विकृत वर्धक कोणीही न वाजवलेले नवे स्वर तयार करतो!

षड्ज ११० हर्ट्झ धरा, पंचम त्याच्या दीडपट, १६५. वजाबाकी ५५, बेरीज २७५. हे सगळे ५५ च्याच पाढ्यातले आकडे. कानाला ५५ चा, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज ऐकू येतो आणि आवाजाला वजन येते. आणि २७५ म्हणजे काय? २२० च्या सव्वापट, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गांधार! तंबोऱ्यावर गांधाराची तार नसते, तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून तो आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तोही षड्जाच्या तारेचा पाचवा अधिस्वरच. रॉकवाले गांधार गाळतात खरे, पण वर्धक तो परत आणून देतो.

मग त्यांनी स्वतःही तो वाजवला तर काय बिघडते? गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्यामुळे पंचम १६४.८ वर पडतो, जवळजवळ अचूक. पण गांधार १३७.५ ऐवजी १३८.६ वर. स्वच्छ आवाजात हा फरक कान चालवून घेतो. विकृतीत मात्र षड्ज-गांधारातून २८.६ आणि गांधार-पंचमातून २६.२ असे एकमेकांशी न पटणारे खर्ज निघतात. वर पडद्याच्या गांधाराचा दुसरा अधिस्वर २७७.२, आणि स्वयंभू गांधार २७५. एका म्यानात दोन तलवारी! सगळा चिखल होतो. म्हणून वर्धक जसजसे जास्त तापवले गेले, तसतशी रॉकमधली भरगच्च सुरावट गळत जाऊन सा-प चे ठोकळे उरले. त्यांनाच 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. तिथे सुरांचे वैविध्य कमी झाले, ही तक्रार खरी आहे. पण ते अडाणीपणाने झाले, असे मी आता म्हणणार नाही.

'ब्लॅक सॅबथ'चा टोनी आयोमी हा डावखुरा. सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. म्हणजे नेमका तारा दाबायचा हात. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, आणि १९७१ पर्यंत सगळ्या तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तारेची वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. तीन अर्धस्वर उतरणे म्हणजे वारंवारता ०.८४ पट, ताण त्याच्या वर्गाइतका, सुमारे ०.७१ पट. म्हणजे दुखऱ्या बोटांना २९ टक्के कमी जोर. पुढच्या पिढ्यांनी तो खर्जातला आवाज एक शैली म्हणून घेतला आणि गिटारी आणखी खाली उतरवल्या. १९९० मध्ये सात तारांची भरीव गिटारही बाजारात आली. ज्यांची दहाही बोटे शाबूत होती अशांनीही.

जिमी हेंड्रिक्सचे तंत्र निराळे. लाउडस्पीकरचा प्रचंड आवाज तारेवर आदळून तिला पुन्हा हलवतो, आणि दोन्ही एका तालात असतील तर स्वर विझतच नाही. मात्र धक्का योग्य क्षणी बसायला हवा. ४४० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी सुमारे ७८ सेंटिमीटर. वादक ३९ सेंटिमीटर मागे सरकला की धक्का उलटा बसतो, तो स्वर मरतो आणि दुसरा अधिस्वर उचल खातो. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत असे किंचाळत्या स्वरांत वाजवले. या मोठ्या आवाजाची किंमतही मोजावी लागली. 'द हू'चे पीट टाउनशेंड यांनी आपले कान अधू झाल्याचे जाहीरपणे सांगितले आहे.

एडी व्हॅन हेलन यांनी १९७८ मध्ये 'इरप्शन'मध्ये दोन्ही हातांची बोटे पडद्यांवर आपटून स्वर काढले. साध्या गिटारवर असा स्वर दुबळा येतो. पण वर्धकाचे छत ठेंगणे असले की दुबळा आणि जोरकस दोघांची उंची सारखीच होते, हे तुम्ही वरच्या हिशेबात पाहिलेच.

१९९० च्या दशकापासून हे सगळे संगणकात आले. लहरीचे दर सेकंदाला हजारो आकडे घ्यायचे आणि प्रत्येकाला व्हॉल्व्हच्या आलेखाचे सूत्र लावायचे. फाटक्या कागदाचा आवाज काढायला आज संगणक राबतो! मुले सदनिकेत कानाला हेडफोन लावून वाजवतात, शेजारी सुखी. पण हेडफोन तारेला धक्का देत नाही, म्हणून हेंड्रिक्सचा तो लांबणारा स्वर तिथे सहजी निघत नाही. उलट बोटांची बारीकसारीक चूकही स्पष्ट ऐकू येते. आजच्या मुलांचे वादन इतके नेटके आणि वेगवान का, याचे एक कारण मला यात दिसते.

त्या विद्यार्थिनीने शेवटी गिटार प्रयोगशाळेतच आणली. एक विकृती करणारी डबी मध्ये घालून आम्ही ती ऑसिलोस्कोपला जोडली. सा-प वाजवल्यावर पडद्यावरची आकृती जवळजवळ स्थिर उभी राहिली. सा-ग ला मात्र ती वळवळू लागली. काही केल्या थांबेना. तिने गांधाराच्या तारेची खुंटी केसभर उतरवली. आकृती थांबली, आवाज निवळला, सगळे खूश झाले. मग तिने पुढची कॉर्ड धरली, ज्यात हीच तार षड्ज व्हायची होती, आणि ती साफ बेसूर लागली.