जंगलातल्या वाटांचा सातबारा

१७६२ सालचा सप्टेंबर महिना. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या सुरिनाममध्ये डच वसाहतीने एक तह केला. तो कुणा राजाशी किंवा शेजारच्या साम्राज्याशी केलेला नव्हता. तो होता उसाच्या मळ्यांतून पळून गेलेल्या गुलामांशी आणि जंगलातच जन्मलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांशी. वसाहतीच्या कायद्यानुसार ही माणसं ‘मालमत्ता’ होती. आता सांगा, स्वतःच्या मालमत्तेशी तह कोण करतं?

ज्याला ती परत मिळवता येत नाही, तो!

जगात जिथे जिथे गुलामगिरीला लागून जंगल होतं, तिथे तिथे माणसं त्यात शिरली. ब्राझीलमधलं पाल्मारेस सतराव्या शतकाचा बराचसा काळ पोर्तुगिजांना पुरून उरलं. जमैकाच्या डोंगरांतल्या बंडखोरांपुढे इंग्रजांना १७३९ मध्ये तहाला बसावं लागलं. आपल्या शेजारीही हे घडलं आहे. उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यातल्या यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींचे अनेक पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामीतून निसटून घाटावर आले होते. पण सुरिनाममध्ये जे घडलं, त्याने थक्क व्हायला होतं. तिथे पळून गेलेल्यांनी एक-दोन वस्त्या नव्हे, आजपर्यंत टिकलेले सहा समाज उभे केले. या सगळ्यांना मिळून मॅरून म्हणतात. सारामाका आणि न्द्युका हे त्यांतले सर्वांत मोठे.

१६६७ च्या तहात डचांनी आजचं न्यूयॉर्क इंग्रजांकडे राहू दिलं आणि सुरिनाम स्वतःकडे ठेवलं. तेव्हा हा सौदा फायद्याचा वाटत होता, कारण सुरिनाममध्ये साखर होती. नद्यांच्या काठाकाठाने मळे पसरले आणि आफ्रिकेतून जहाजं भरभरून माणसं आणली गेली. पळताना सापडलेल्याची टाचेची शीर तोडत, कधी पायच कापत. तरीही माणसं पळत राहिली. शेवटच्या उसाच्या फडामागे जे जंगल सुरू होई, ते थेट अॅमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत पसरलेलं होतं.

पण जंगलात शिरणं वेगळं आणि तिथे संसार मांडणं वेगळं. ही माणसं आफ्रिकेच्या निरनिराळ्या मुलखांतली, एकाला दुसऱ्याची भाषा येत नसे. झाडं अनोळखी, लोखंड दुर्मिळ, मागावर सैनिक. मग खायचं काय?

तिथल्या आदिवासींचं मुख्य अन्न होतं कडू कसावा. हा कंद कच्चा खाल्ला तर विषारी. किसायचा, पिळून विषारी रस काढून टाकायचा आणि मग भाकरी भाजायची. ही विद्या मॅरूनांनी उचलली. आणि तांदूळ? त्याची गोष्ट तर आणखी विलक्षण. सारामाका सांगतात, पान्झा नावाची त्यांची पूर्वज मळ्यातून पळाली, तेव्हा तिने केसांत भाताचे दाणे लपवले होते. ऐकायला दंतकथा वाटते ना? पण मॅरून बायकांच्या शेतांत शास्त्रज्ञांना खरोखरच आफ्रिकेत माणसाळवलेला, आशियाई भातापेक्षा वेगळ्या जातीचा भात सापडला. त्याची जनुकं तपासली, तेव्हा सर्वांत जवळचं नातं जुळलं ते पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या भाताशी! गुलामांच्या जहाजांवर खाण्यासाठी किनाऱ्यावरून सालासकट भात विकत घेत. त्यातले दाणे महासागर ओलांडून या जंगलात रुजले. भाताच्या काही वाणांना आजही अशा पळून आलेल्या बायकांची नावं आहेत.

संरक्षणाचं काय? इथे भूगोलच कामाला लावला गेला. सुरिनामच्या नद्या जागोजागी खडकांवरून उसळतात. मॅरूनांनी त्या धावत्या पाण्याच्या वरच्या अंगाला गावं वसवली. तिथे पोचायचं तर सैन्याला होड्या रिकाम्या करून ओढत न्याव्या लागत. बोनी या पुढाऱ्याचा बुकू किल्ला तर दलदलीच्या मधोमध होता. आत जायच्या वाटा पाण्याखाली दडलेल्या आणि फक्त आतल्यांनाच ठाऊक. अशी एक वाट हेरली गेली, तेव्हाच, १७७२ मध्ये, तो किल्ला पडला.

पण मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. एकमेकांना परके असलेल्या या माणसांनी नाती कुठून आणली? ती त्यांनी नव्याने घडवली. साधारणपणे एका मळ्यातून किंवा एका टोळीने पळालेल्यांचं एक कुळ झालं. मूल आईच्या कुळातलं. पोर्तुगीज, इंग्रजी आणि आफ्रिकी शब्दांचं मिश्रण होऊन सारामाकांची भाषा तयार झाली, आणि तिला आफ्रिकी भाषांसारखे सूरही आहेत. सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो.

आणि जमीन? पळताना पूर्वज ज्या ओढ्याकाठून गेले, जिथे त्यांनी झोपड्या बांधल्या, तो मुलूख त्या कुळाचा. म्हणजे पळून जाण्याची कहाणी हाच सातबारा! म्हणूनच ती वाटेल त्याला सांगत नाहीत. म्हातारी माणसं पहाटे कोंबडा आरवायच्या वेळी, तुकड्यातुकड्याने, ऐकणाऱ्याची पात्रता पाहून सांगतात. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड प्राइस यांनी ही स्मृती डच दफ्तरातल्या कागदांशी ताडून पाहिली. दोनअडीचशे वर्षांपूर्वीची माणसं, जागा, लढाया, किती तरी ठिकाणी दोन्हींचा मेळ बसला.

वसाहतीने मोहिमांवर अमाप पैसा ओतला, पण हे समाज मोडले नाहीत. शेवटी १० ऑक्टोबर १७६० रोजी न्द्युकांशी तह झाला. त्यांच्यातला बोस्टन नावाचा पुढारी जमैकाहून आलेला, लिहितावाचता येणारा. त्याने डचांशी पत्रव्यवहार केला आणि जमैकाचा तहच नमुना ठरला. दोन वर्षांनी, सुरुवातीला सांगितलेला, सारामाकांचा तह झाला. स्वातंत्र्य मान्य, मुलूख मान्य, वर ठरलेला माल पोचवायची वसाहतीची हमी. किंमतही कठोर होती. यापुढे पळून येणाऱ्यांना परत द्यायचं. मागे राहिलेल्यांसाठी तो दरवाजा निदान कागदावर तरी बंद झाला. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८६३ मध्ये. म्हणजे न्द्युका तोवर शंभरहून अधिक वर्षं स्वतंत्र जगत होते!

विसाव्या शतकात संकट दुसऱ्या रूपात आलं. अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून १९६० च्या दशकात अफोबाका धरण बांधलं गेलं. सारामाकांचा जवळजवळ निम्मा मुलूख पाण्याखाली गेला आणि सुमारे ६,००० माणसं उठवली गेली. पुढे लाकूडतोड करणाऱ्या कंपन्या आल्या. तेव्हा सारामाकांनी आपल्या मुलखाचे नकाशे तयार केले आणि लढा आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयापर्यंत नेला.

नोव्हेंबर २००७ मध्ये निकाल लागला. मूळचे तिथले नसले तरी सारामाकांचा त्या जंगलावर सामूहिक हक्क आहे, असं न्यायालयाने ठरवलं. मोठे प्रकल्प आणायचे तर त्यांची संमती घ्यावी लागेल, तीही आधी, मोकळेपणाने आणि पूर्ण माहिती देऊन. ज्यांचे पूर्वज त्या खंडात साखळदंडांत उतरले, त्यांनी जमिनीशी जोडलेलं नातं आदिवासींच्या नात्याइतकंच संरक्षणाला पात्र ठरलं. जगभर जमिनीच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या समाजांच्या लढ्यांत आज या निकालाचा हवाला दिला जातो. सुरिनाम सरकारने मात्र तो अजून पूर्णपणे अमलात आणलेला नाही, आणि सारामाकांनी पाठपुरावा सोडलेला नाही.